नातं सुटल्यावर थेरपी सुरू करताना

सात वर्षांचं लग्न मोडून मी वेंगुर्ल्याला माहेरी आले, तेव्हा दार जोरात आपटलं तरी छातीत धडधडायचं. आई म्हणाली, "देवाक नारळ ठेव." ठेवला. धडधड तशीच.

सुरुवात फुकटात होते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरात अजून मारहाण चालू असेल, तर आधी १८१, म्हणजे महिला हेल्पलाइन. अशा वेळी नवऱ्यासोबतचं जोडप्याचं समुपदेशन नको. तिथे खरं बोलल्याचा हिशेब घरी चुकवावा लागतो.

थेरपिस्टला थेट विचारा: मानसिक आघातावर काम केलंय का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? माझ्या पहिल्या बाईंनी "थोडं जुळवून घ्यायचं" म्हटलं. दुसऱ्या शोधल्या.

गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, पण शेजारच्या काकूंना कायदा कोण सांगणार? म्हणून मी ऑनलाइन सेशन सागरेश्वर किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात बसून घ्यायचे. पावसाळ्यात भावाच्या बंद रिक्षात.

पहिल्याच दिवशी सगळं ओकू नका. आधी शरीर शांत करायला शिकतात: दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, एकेक करून मनात नोंदवायचं.

मग "मी कोण" हा प्रश्न. बाईंनी विचारलं, तुम्हाला कुठला मासा आवडतो? मला आठवेना. सात वर्षं त्याच्यासाठी सुरमईच आणली होती. त्या आठवड्याचा गृहपाठ होता, बाजारात एकटीने जाऊन निवडायचा. मी तारल्या आणल्या. काट्यांसकट.