बेसच्या तारा: या चुका टाळा, मग पिकअपला दोष द्या

बेस गिटारचा आवाज बसला की पहिला संशय पिकअपवर, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागावर जातो. मग पिकअप बदलतो, पाठोपाठ प्रीअँप (आवाज वाढवणारं आतलं सर्किट), त्याच्यामागून ब्रिज (बॉडीवरचा, तारा अडकवण्याचा भाग). इतकं सगळं होऊनही तारा मात्र त्याच, वाद्यासोबत आलेल्या. खरखर असो, बेसूरपणा असो की मलूल आवाज, तपासणी तारांपासून सुरू करावी. बाकीच्या भागांपेक्षा त्या स्वस्तही पडतात आणि बदलायला सोल्डरिंगही लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं: नेहमीच्या चार तारा मिळून नेक (वाद्याची लांब मान) साधारण ८० किलो जोराने ओढत असतात. संच बदलला की हा ताण बदलतो, आणि त्यासोबत नेकचा बाक, तारांची उंची आणि सुरांचा मेळ थोडा थोडा हलतो. खालच्या बऱ्याच चुका या ताणाचा विचार न केल्यामुळे होतात.

लांबी न मोजता संच घेणं

गेज, म्हणजे तारेची जाडी, सगळे विचारतात, लांबी कुणी विचारत नाही. १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसची स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, ३४ इंच होती आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. पण ३० इंची शॉर्ट स्केल आहे, ३२ इंची मीडियम आहे, आणि पाच तारांच्या काही बेसना ३५ इंच असते. पाकिटावर नुसतं ‘लाँग स्केल’ वाचून भागत नाही. ब्रिजमध्ये तारेचा गोळा जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंत, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपर्यंत, टेप लावा. तारेचं जाड वेटोळं नट ओलांडून थोडं पुढे गेलं पाहिजे आणि रेशमी धागा गुंडाळलेला निमुळता भाग त्यानंतर सुरू झाला पाहिजे.

तार तोकडी असेल तर हा निमुळता भाग नटच्या खाचेत येतो आणि आवाज कमजोर पडतो. लांब असेल तर जाड भागच खुंटीभोवती वळवावा लागतो. गोल तारेचं वेटोळं असलेली राउंडवाउंड हे एक वेळ सहन करते, सपाट पट्टीचं वेटोळं असलेल्या फ्लॅटवाउंडची पट्टी मात्र उलगडते आणि पुष्कळदा आतला गाभा तुटतो. शॉर्ट स्केलच्या बेसवर लाँग स्केलच्या फ्लॅटवाउंड लावून ‘कापून बसवू’ म्हणणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. तारा बॉडीच्या मागून ओवायच्या असतील तर लांबी आणखी जास्त लागते, आणि सॅडलवर, म्हणजे ब्रिजमध्ये तार टेकते त्या तुकड्यावर, येणारा काटकोनी वळसा फ्लॅटवाउंडला मानवत नाही. दोन्ही सोयी असलेल्या बेसवर फ्लॅटवाउंड सरळ ब्रिजमधूनच लावाव्यात.

जाडी म्हणजेच ताण असं समजणं

गेजचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. ४५ ते १०५ हा सर्वांत रुळलेला संच, ४० ते १०० हलका, आणि पाच तारांच्या संचातली खालची बी बहुधा १३० ची. जाड तार म्हणजे भरीव आवाज हा समज अर्धाच खरा आहे. गाभा किती जाड आणि त्यावरचं वेटोळं किती जाड, यावर ताण आणि लवचीकपणा ठरतो. त्यामुळे एकाच गेजचे दोन संच हाताला अगदी वेगळे लागू शकतात. फ्लॅटवाउंड सहसा ताठ असतात, पण थोमास्टिक-इनफेल्डच्या जॅझ फ्लॅट तारा त्यांच्या सैलपणासाठीच ओळखल्या जातात. बरेच उत्पादक प्रत्येक तारेचा ताण छापतात. गेजच्या आधी तो आकडा पाहावा असं माझं मत.

सूर खाली उतरवणाऱ्यांना तर हा हिशेब टाळताच येत नाही. तीच तार, तीच लांबी असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. खुली ई, म्हणजे न दाबता वाजवलेली सर्वांत जाड तार, ४१.२ हर्ट्झवर असते. ती डीवर आणली की मूळ ताणाच्या साधारण ७९ टक्के ताण उरतो. इतकं चालून जातं. पण तीच तार बीपर्यंत, म्हणजे ३१ हर्ट्झच्या आसपास आणली तर जेमतेम ५६ टक्के. मग तार फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटणार, जोरात छेडल्यावर सूर आधी चढून मग खाली येणार, आणि दोष मात्र बेसला. चार तारांच्या बेसवर बी-ई-ए-डी लावायचं असेल तर पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार घ्या. १३० ची तार मूळ नटच्या खाचेत बसणार नाही, ती योग्य रुंदीच्या नट कानसने मोठी करावी लागेल. त्रिकोणी कानस वापरू नका. खाच रुंद करा, खोल नको. ती गरजेपेक्षा खाली गेली की खुली तार पहिल्या फ्रेटवर खरखरते, आणि परत पातळ तारांवर यायचं ठरलं तर नवा नटच बसवावा लागतो.

फ्लॅटवाउंड दुसऱ्या दिवशी काढून टाकणं

सुरुवातीच्या काळात इलेक्ट्रिक बेसवर फ्लॅटवाउंडच असायच्या. १९६० च्या दशकात रोटोसाउंडच्या राउंडवाउंड तारा आल्या, त्या घडवण्यात द हू या बँडच्या जॉन एन्टविसलचा हात होता, आणि बेसचा खणखणीत, पियानोसारखा आवाज ऐकू येऊ लागला. दुसऱ्या टोकाला मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन. त्याच्या प्रिसिजनवर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड होत्या आणि तो त्या सहसा बदलत नसे. ‘तारा दर महिन्याला बदला’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला आधी विचारा, कोणत्या तारा?

राउंडवाउंडची चमक पहिल्या काही तासांतच कमी होऊ लागते, कारण वेटोळ्यांच्या फटींत घाम आणि मृत त्वचा साचते. फ्लॅटवाउंडचं उलट. नव्या असताना त्यांत एक धातूचा कर्कशपणा असतो, तो निघून जायला काही आठवडे वाजवावं लागतं. ज्या गोलाव्यासाठी त्या घेतल्या तो त्यानंतरच हाती लागतो. लावल्या, आवडल्या नाहीत, उतरवल्या, हा पैसे वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

स्टेनलेस स्टील जास्त लखलखीत वाजतं आणि फ्रेट लवकर झिजवतं. निकेलचा मुलामा असलेल्या तारा दोन्ही बाबतींत सौम्य. फ्रेटलेसवर, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसवर, राउंडवाउंड लावल्या तर फिंगरबोर्डवर ओरखडे पडणारच. बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या फ्रेटलेस फेंडर जॅझ बेसवर राउंडवाउंड वापरल्या खऱ्या, पण त्याने फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर दिला होता, हे बरेच जण सोयीस्कर विसरतात. तसा थर नसेल तर फ्लॅटवाउंड किंवा वरून नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या टेपवाउंड.

टेपवाउंडबद्दल दोन शंका नेहमी येतात. प्लास्टिकच्या तारा चुंबकी पिकअपवर वाजतील का? वाजतात, नायलॉनच्या खाली पोलादच असतं. आणि या तारा लावल्यापासून घूं आवाज का वाढला? एरवी तारांना हात लागला की ब्रिजच्या अर्थिंगमार्फत आपलं शरीर जोडलं जातं आणि हा घूं आवाज, म्हणजे हम, कमी होतो. नायलॉनने तो संपर्क तुटतो. ब्रिजच्या धातूला बोट लावून पाहा. हम दबला तर बेस ठणठणीत आहे.

लावतानाच्या चुका

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण ‘नवी तार मेलेली निघाली’ या तक्रारीत पुष्कळदा तार निर्दोष असते.

जुनी तार पूर्ण ताणात असताना पकडीने कापू नका. आधी सैल करा. चारही तारा एकदम काढल्याने नेक मोडत नाही, मात्र ज्या बेसचा ब्रिज फक्त तारांच्या दाबावर उभा असतो, उदाहरणार्थ हॉफनरचा व्हायोलिन बेस, त्यावर एकेक करूनच बदला, नाहीतर ब्रिज जागचा हलतो.

नवी तार ब्रिजमधून ओवून खुंटीपर्यंत सरळ आणा. खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटिमीटर सोडून पक्कडने आधी काटकोनात वाकवा आणि वाकलेल्या भागाच्या पलीकडे कापा. आधी कापलं तर वेटोळं गाभ्यावरून सुटतं, विशेषतः गोल गाभ्याच्या तारांत, आणि तार तिथेच संपली. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाला आणि दोन ते तीन वेढे वरून खाली उतरत जातील असे घ्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखाली. असं केल्याने तार नटवर घट्ट टेकते. ए तारेवर हे खास पाहा: बऱ्याच बेसवर डी आणि जीलाच दाबणी (तार खाली दाबून धरणारी छोटी पट्टी) असते, ए ला नसते, आणि वेढे वरच राहिले तर ए नटमध्ये झिणझिणते. लोक मग नट बदलायला निघतात.

सर्वांत चोरटी चूक म्हणजे तारेला पीळ पडणं. खुंटी फिरवताना तार हातात आवळून धरली, तर पीळ आत अडकतो. तार बोथट वाजते, बाराव्या फ्रेटवरचा सूर काही केल्या जुळत नाही. सैल करा, टोक खुंटीतून बाहेर काढा, तार मोकळी सोडा. पीळ असेल तर ती आपोआप गरकन फिरते. मग पुन्हा लावा. सूर लागल्यावर सॅडलच्या पुढे आणि नटच्या पुढे अंगठ्याने हलका दाब द्या. जाड तार सॅडलवरून कमानीसारखी वळून जाते, ती तिथे नेमकी मोडली गेली की आवाज स्वच्छ होतो. एवढ्याशा दाबाने ई तारेचा सूर चढा लागायचा थांबलेला मी कितीतरी बेसवर पाहिलाय.

क्रम चुकवणं

तारा लावून सूर मिळवले. आता क्रमाने जायचं: बाक, मग उंची, मग सूरमेळ (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं).

बाक पाहण्यासाठी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ साधारण ०.३ मिलिमीटर फट असावी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकमधला, बाक सुधारणारा दांडा) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळा, नसेलच तर सैल करा. एका वेळी पाव फेरा, मग सूर पुन्हा मिळवा, पुन्हा बघा. ट्रस रॉडचा नट फिरत नसेल तर जोर लावू नका, कारागिराकडे द्या. ट्रस रॉड तारांची उंची कमी करण्यासाठी नसतो. त्यासाठी सॅडलचे स्क्रू आहेत. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.५ आणि जी तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करावी, पुढे आपल्या हाताच्या जोराप्रमाणे.

खरखर कुठे येते तेही बोलकं असतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक फार सरळ झालीय. बाराव्याच्या वर असेल तर तारा फार खाली आहेत. फक्त खुल्या तारेवर असेल तर नट. एकाच फ्रेटवर असेल तर पुढचा फ्रेट उचललेला आहे. आणि अँपमधून ऐकूच येत नसेल तर सोडून द्या.

सूरमेळ नेहमी नव्या तारांवर करावा. जुनी तार जागोजाग झिजलेली असते, ती कशीही जुळवली तरी खोटंच बोलते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल नटपासून लांब, उतरता असेल तर जवळ.

हे सगळं करूनही सूर डगमगत असेल तर पिकअपची उंची बघा. पिकअप तारेच्या फार जवळ आणला की चुंबक तारेला ओढतं, वरच्या फ्रेटवर सूर लाटेसारखा हलतो. शेवटचा फ्रेट दाबून मोजल्यावर अडीच ते तीन मिलिमीटर अंतर बहुतेक पिकअपना पुरतं.

सुटे भाग बदलताना

फेंडरच्या जॅझ बेसचे दोन पिकअप सहसा एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की हम नाहीसा होतो. एकच पिकअप बदलला आणि त्याची दिशा जुळली नाही तर ही सोय गेली. जोडीच घ्या, आणि मापं घ्या: ब्रिजजवळचा पिकअप नेकजवळच्यापेक्षा जरा लांब असतो.

ब्रिज बदलल्यावर हम वाढला तर बहुधा त्याखालची अर्थिंगची तार ब्रिजला टेकत नाहीये. फ्रेट घासायला स्टील वूल घेतलंत तर पिकअप आधी टेपने झाका, नाहीतर लोखंडी कीस चुंबकाला चिकटून बसतो. ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा प्रीअँप असलेल्या) बेसमध्ये केबल लावून ठेवली की ९ व्होल्टची बॅटरी जळत राहते. जोरात छेडलेला सूर फाटायला लागला की तिचीच वेळ भरलेली असते. काढलेला प्रत्येक मूळ भाग डब्यात जपून ठेवा, आणि बॉडीला नवं खोदकाम करायच्या मोहात पडू नका.

तारा उकळणं? चमक येते, थोडा काळ टिकते, पण पाणी वेटोळ्यात अडकून गंज धरतो. डिनेचर्ड अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवणं बरं, ज्योतीपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून. फ्लॅटवाउंडला यातलं काहीच करू नये.

शेवटी एक गोष्ट, जिला कोणतीही तार जबाबदार नाही. बऱ्याच बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लगेच विझतो. तो डेड स्पॉट. नेकच त्या कंपनसंख्येला ऊर्जा शोषून घेते. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावून तोच सूर पुन्हा वाजवून पाहा. विझणारी जागा एखादा फ्रेट सरकली, तर तारा, पिकअप आणि ब्रिज तिन्हींवर आणखी खर्च करायची गरज नाही. वाढीव वजन तिथेच कायमचं बसवायचं किंवा तो सूर डी तारेवर वाजवायचा.