ताणलं तरी चालणारं सर्किट स्क्रीन प्रिंटिंगने कसं छापायचं

आपल्या सोलापुरात युनिफॉर्मवर लोगो छापणाऱ्यांकडे स्क्रीन, स्क्वीजी, हीट प्रेस सगळं असतंच, त्याच सामानावर ताणणारं सर्किट छापता येतं. फक्त थेट टॉवेलवर छापू नका. मी आधी तेच केलं, शाई टेरीच्या लूपांत मुरली आणि मल्टिमीटर बीपच देईना, म्हणजे रेषेतून वीजच जाईना. आधी टीपीयू फिल्मवर (रबरासारखं ताणणारं पातळ प्लास्टिक) छापायचं, मग ती फिल्म कापडावर प्रेस करायची.

फिल्म रिलीज पेपरसकट (मागचा सोलून काढायचा कागद) घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि कोरीच एकदा ओव्हनमध्ये तापवून घ्या, जे आकसायचं ते आधीच आकसू दे, नाहीतर नंतर डिझाइन हलतं.

वीज वाहणारी शाई 'स्ट्रेचेबल' लिहिलेलीच घ्या. साधी सिल्व्हर पेस्ट ताणली की तडकते, स्ट्रेचेबल शाईत चांदीचे चपटे कण रबरासारख्या बाइंडरमध्ये असतात, ताणल्यावर ते सरकतात पण एकमेकांना टेकून राहतात. ताणलं की रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, सोडलं की उतरतो, पण पार पहिल्याइतका नाही येत, हे धरूनच चला.

रेषा सरळ काढू नका, नागमोडी काढा, म्हणजे ताण आला की आधी वळणं उलगडतात आणि शाईवर कमी जोर येतो. रेझिस्टन्सचा हिशोब चौकोनांत करायचा, म्हणजे रेषेच्या लांबीत तिच्या रुंदीएवढे चौकोन किती बसतात ते मोजायचं. 1 मिमी रुंद आणि 100 मिमी लांब रेषा म्हणजे 100 चौकोन, शाईचा शीट रेझिस्टन्स, म्हणजे एका चौकोनाचा रेझिस्टन्स, 0.05 ओहम असेल तर झाले 5 ओहम, एलईडीला आरामात चालतं. लांबी मात्र वळणावळणाने मोजा.

छापल्यावर शाई ओव्हनमध्ये भाजायचं टेंपरेचर शाईच्या डेटाशीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकात) बघा. हाताला कोरडी लागली म्हणजे झाली असं अजिबात नाही!! रेझिस्टन्स लिहून ठेवा, परत 5 मिनिटं ओव्हनमध्ये टाका, गार करून मोजा, उतरला तर शाई अजून कच्ची आहे. खोलीची खिडकी उघडी ठेवा, सॉल्व्हंटचा वास वाईट.

मग वरून टीपीयूचा दुसरा थर, जोडायच्या जागा तेवढ्या उघड्या ठेवून, आणि कापडावर हीट प्रेस. वायर जोडायला सोल्डरिंग गन लावू नका, फिल्म वितळते, धातूचं टिचबटण लावा आणि त्याच्या मागे जाड कापडाचं अस्तर द्या, अस्तराच्या कडेशी रेषा जरा रुंद ठेवा.

टेस्टिंगला 10 सेंमीची पट्टी 12 सेंमीपर्यंत 100 वेळा ताणा, दर 10 वेळांनी रीडिंग लिहा. रीडिंग एकदम उडालं तर आधी बटणाजवळच बघा, माझ्या पट्ट्या बहुतेक वेळा तिथेच तुटल्यात.