टेबलावरचा किल्ला बांधताना या चुका टाळा

दिवाळीत अंगणात किल्ला बांधून मोठ्या झालेल्या माणसाला वाटतं, टेबलावरच्या युद्धखेळाचं टेरेन, म्हणजे किल्ला, रान, तलाव, बांधण्यात काय अवघड आहे? मलाही तसंच वाटलं होतं. दगड, पोती, चिखल, वर अळीव पेरून हिरवळ. लहानपणभर तेच केलेलं. मग आम्ही चौघांनी मे १८१८ चा सोलापूरचा वेढा टेबलावर, छोटे शिपाई मांडून आणि फासे टाकून, खेळायचं ठरवलं. एकीकडे इंग्रज सेनापती थॉमस मन्रोची फौज, दुसरीकडे पेशव्यांचे शिपाई, मध्ये आपला भुईकोट. नवी पेठेतून आइस्क्रीमच्या काड्या, कार्डशीट, रांगोळी, सनबोर्डाचे तुकडे असं पिशवीभर सामान आणलं आणि दोन रविवारांत जवळजवळ सगळं वाया घालवलं.

दिवाळीचा किल्ला एकदा मांडला की तुळशीच्या लग्नापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. टेबलावरच्या किल्ल्यावर दर पाच मिनिटांनी कोणाचा तरी हात पडतो, फासे आदळतात आणि खेळ संपला की तो उचलून माळ्यावर जातो. आमच्या बऱ्याचशा चुका हा फरक डोक्यात नसल्यामुळे झाल्या.

फांजीवर शिपाई उभाच राहत नाही

ही पहिली चूक आणि सगळ्यांत महागडी, कारण ती बांधकाम संपल्यावर कळते. भुईकोटाला दुहेरी तट आहे, पूर्वेला सिद्धेश्वर तलाव. मी फोटोवरून प्रमाण काढलं, चर्या (तटावरचे दाते) कापल्या, जंग्या (बंदुकीच्या फटी) कोरल्या. तट बघत राहावा असा झाला. मग त्यावर शिपाई ठेवला आणि तो खाली पडला. दुसरा ठेवला, तोही पडला. शिपायाच्या बेसचा, म्हणजे पायाखालच्या चकतीचा, व्यास २५ मिमी आणि माझी फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, १४ मिमी रुंद! दोन तटांच्या मधल्या जागेत तर बोटही जाईना. पडलेला शिपाई काढायला चिमटा आणावा लागला.

आता मी दुकानात जाताना खिशात एक शिपाई घेऊन जातो. डबा, झाकण, पाइपचा तुकडा, काहीही हातात घेतलं की आधी शेजारी शिपाई उभा करून बघायचा. दुकानदार हसतात, हसू द्या. घरी पुठ्ठ्याची ३० मिमी रुंद पट्टी कापून ठेवलीय. फांजी, जिना, गल्ली, जिथून ही पट्टी जात नाही तिथून शिपाईही जाणार नाही. उंचीसाठी हिशोब सोपा आहे: २८ मिमीच्या शिपायांना १ फूट म्हणजे साधारण ५ मिमी. सात फुटी दरवाजा ३५ मिमीचा होतो, पण शिपाई बेसवर उभा असतो, म्हणून ४० मिमी धरा. लांबी-रुंदीत मात्र खरं प्रमाण पाळायला जाऊ नका. अख्खा भुईकोट त्या मापात बांधला तर जेवायचं टेबल सोडा, हॉलही पुरायचा नाही. एक बाजू, दोन बुरूज, एक दरवाजा, बस.

तट आधीच अरुंद झाला असेल तर पाडू नका. आतल्या बाजूने आइस्क्रीमच्या काड्यांची फळी टेकूंवर बसवा. वेढ्याच्या वेळी घाईने ठोकलेली लाकडी फळी म्हणून ती खपून जाते.

बुरूज विरघळला

२०१८ च्या बंदीनंतर सजावटीचं थर्मोकोल मिळेनासं झालं, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं घरोघरी पडलेलं असतं. त्याचा बुरूज छान होतो. मी तो बांधला, गच्चीवर नेला आणि काळ्या स्प्रेचा एक हात मारला. चुर्र आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत बुरजाला देवीचे व्रण पडले. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्मोकोल खातं. रबर सोल्यूशनही खातं, झटपट चिकटणारा गोंदही खातो.

उपाय म्हणजे आधी फेविकॉलमध्ये काळा ॲक्रिलिक रंग निम्मा-निम्मा मिसळून दोन हात द्यायचे. कोपरे, खाचा, खालची बाजू, काही सोडायचं नाही. टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी स्प्रे तिथून आत शिरून पोकळी करतो. मी आता स्प्रेच वापरत नाही. त्या काळ्या थरानेच काम भागतं आणि बुरजाला जरा टणकपणाही येतो, फासे लागून टवके उडत नाहीत.

विरघळलेला बुरूज फेकला नाही. मन्रोच्या लोकांनी आधी शिड्या लावून किल्ल्याबाहेरची तटबंदीची पेठ घेतली, मग किल्ल्याच्या तटाला तोफा लावल्या. माझा बुरूज त्या तोफांचं खिंडार झाला. व्रणांच्या कडा खरवडून वाळू लावली, खाली विटांचा चुरा टाकला.

थर्मोकोलचे दोन थर एकमेकांना चिकटवताना आणखी एक गंमत होते. फेविकॉल भरपूर लावून दाबून ठेवतो आणि तीन दिवसांनी उघडलं तर आत ओलं पांढरं दही. तिथे हवाच पोचत नाही, वाळणार कसं? पातळ थर द्या, थोडं सुकू द्या, मग जोडा आणि दोन-तीन टूथपिक आरपार खुपसा. टूथपिक धरून ठेवतात तोवर फेविकॉल सावकाश वाळतो. कापायला मात्र नवं ब्लेड घ्या. बोथट ब्लेडने मणी उपटून येतात आणि भिंतीचा साबुदाणा होतो.

आणि हे गमतीत घेऊ नका: थर्मोकोल कापायची गरम तार सनबोर्डावर कधीही चालवू नका. फ्लेक्सवाल्यांकडे मिळणारा तो सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा असतो, तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. डोळे झोंबतात, घसा धरतो. तो कटरनेच कापा. थर्मोकोलवर तार चालवतानासुद्धा खिडकी उघडी हवी.

तळ वाकला

पुठ्ठ्यावर किंवा पातळ एमडीएफवर (भुसा दाबून केलेल्या फळीवर) एका बाजूने पाण्याचा फेविकॉल आणि रंग चढवला की ती बाजू वाळताना आक्रसते आणि तळ पत्रावळीसारखा कडेने उचलला जातो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर दुपारी लावलेला रंग चहा होईपर्यंत वाळतो, त्यामुळे बाक जास्त. दोन्ही बाजूंना सारखाच हात द्या, सावलीत वाळवा. वाकलेला असेल तर पाठीला ओला ब्रश फिरवा, प्लास्टिकचा कागद घाला आणि रात्रभर शहाबादी फरशीखाली दाबून ठेवा. सकाळी सरळ होतो. निदान शिपाई घसरत नाहीत इतका तरी.

आपली माती, पण टेबलावर नको

खरं सांगायचं तर या चुकीचं मला सगळ्यात वाईट वाटलं. सोलापूरचा किल्ला आहे, तर मातीही इथलीच हवी म्हणून रानातून काळी माती आणली, चाळली, फेविकॉलमध्ये कालवली, अर्धा इंच थापली. दोन दिवसांत तिला भेगा पडल्या आणि खपल्या सुटायला लागल्या. काळ्या रानाचा स्वभावच आहे तो. पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात ते शोभतं, पण टेबलावरची ३ मिमीची भेग म्हणजे शिपायाच्या हिशोबाने सुमारे सात इंच, पाय अडकून मरायचा.

बांधकामावरची क्रशसँड जुन्या चहाच्या गाळणीने चाळून घ्या आणि काळा-तपकिरी रंग नंतर द्या. दाट फेविकॉलवर वाळू पसरा, दुसऱ्या दिवशी निम्मं पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडा. त्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब टाका, नाहीतर पाणी वाळूवर मोत्यासारखं गोळा होऊन गडगडतं, आत मुरत नाही. रंगीत रांगोळी वापरायचा मोह सोडा. माझी हिरवी रांगोळी ओल्या फेविकॉलने फुटली आणि पेठेच्या भिंतींवर चढली.

टॉवेलचं रान

सोलापुरात टॉवेलचे कटपीस मिळायला वेळ लागत नाही, आणि टॉवेलचा टर्की पोत बघितला की हात शेताकडे जातोच. मीही दोन पट्टे पिवळे रंगवून ज्वारी म्हणून मांडले. मित्र वाकून बघत म्हणाला, ‘‘का बे, ही ज्वारी शिपायाच्या घोट्याएवढीच की!’’ बरोबर होतं. मालदांडी माणसाच्या डोक्यावर जाते, म्हणजे टेबलावर ३५ मिमी तरी हवी. टॉवेलचा केस चार-पाच मिलिमीटरचा, तो हरभऱ्याला चालतो. रंग दाट लावला तर केस चिकटून बसतात, म्हणून पातळ रंग आणि ओला असतानाच जुन्या टूथब्रशने उलटे विंचरा.

मग मी काथ्याच्या पायपुसण्यावर आलो. तोच मित्र पुन्हा म्हणाला, ‘‘मे महिन्यात ज्वारी कुठून आली पण?’’ रब्बीची ज्वारी तर होळीच्या आसपास निघते. मे महिन्यात रानात नुसती धसकटं. शेवटी पायपुसण्याचे केस कात्रीने ३ मिमीवर आणले आणि पट्ट्या ओळीत लावल्या. तेच सगळ्यात खरं दिसलं.

रंगाच्या किरकोळ चुका

पोस्टर कलरवर पाण्याचा वॉश (अगदी पातळ रंगाचा हात) दिला की खालचा रंग उठतो आणि सगळ्याचा चिखल होतो. ॲक्रिलिक घ्या, किंवा आधी मॅट वॉर्निश. पांढऱ्या इमल्शनमध्ये काळं स्टेनर (रंगछटा आणायचं द्रावण) ओतत बसू नका, जास्त झालं की तट आठवडाभर चिकट राहतो. ड्रायब्रश करताना, म्हणजे कोरड्या ब्रशने उठाव दाखवताना, ब्रश आधी जुन्या चादरीवर पुसा, जवळजवळ रंग उरला नाही असं वाटलं की मग दगडावर फिरवा.

तलाव

पाणी दाखवायला एकाच दमात फेविकॉलचा जाड थर ओतला तर तो पांढुरकाच राहतो. इपॉक्सी रेझिन जाड ओतलं तर घट्ट होताना इतकं तापतं की खालचं थर्मोकोल खचतं. माझा सिद्धेश्वर तलाव फाइलच्या पारदर्शक कव्हराचा आहे, खालून हिरवट-तपकिरी रंगवलेला.

माळ्यावर ठेवताना

आमची खोली पत्र्याची. पहिल्या उन्हाळ्यात ग्लू गनने जोडलेले सगळे जिने माळ्यावर आपोआप सुटले, काड्या खोक्याच्या तळाशी. ग्लू गन नुसती धरून ठेवायला वापरा, खरा जोड फेविकॉलचा. झाडं तळाला पक्की चिकटवू नका, खाली टाचणी लावून टोचा, म्हणजे खेळताना काढता येतात. खोक्यावर आत काय आहे ते मार्करने लिहा. आमच्याकडे ‘बुरूज, हळू’ असं लिहिलेल्या खोक्यावर घरच्यांनी लोणच्याची बरणी ठेवली होती, तेव्हा दुसऱ्या ओळीत आता ‘वर काही ठेवू नये’ असंही आहे.