तालुक्याच्या कॉलेजात मूडल: नेट तुटक असताना एक पेपर कसा चालवावा

सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला आलं की मराठवाड्यातल्या कॉलेजांचे वर्ग ओस पडायला लागतात. दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या ऊसतोड कुटुंबांतली कित्येक मुलं आईवडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात. या मुलांच्या हातात एक फोन असतो, दिवसाचा ठरावीक डेटा असतो आणि रेंज येत-जात असते. त्यामुळे शिकवण्यासाठी कुठलीही सोय निवडताना आधी एकच गोष्ट तपासा: रेंज मिळाल्यावर साहित्य उतरवून घेता येतं का, आणि रेंज गेल्यावरही ते वापरता येतं का? स्मार्ट बोर्ड त्यानंतर.

मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याचं सॉफ्टवेअर या कसोटीला उतरतं: त्याच्या मोबाइल ॲपवर साहित्य उतरवून ठेवता येतं. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामस यांनी २००२ मध्ये आणलेली ही प्रणाली मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत. पीएचपी आणि मायएसक्यूएल चालणाऱ्या होस्टिंगवर (वेबसाइट ठेवण्यासाठी घेतलेल्या जागेवर) ती बसते. सगळं कॉलेज एकदम त्यात ओढू नका. एक पेपर घ्या, एक सत्र नीट चालवा.

विद्यार्थी भरताना

एकेक नाव हाताने भरत बसू नका, सीएसव्ही फाइलने (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या यादीने) सगळा वर्ग एकदम चढवा. युजरनेम म्हणून पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) सोयीचा, पण एक्सेलमध्ये जपावं लागतं. एक्सेल संख्येचे पंधराच अंक धरून ठेवतं. पीआरएन सोळा अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो आणि दहा-दहा मुलांचा नंबर सारखाच दिसू लागतो. म्हणून आकडे पेस्ट करण्याआधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करा. नावं मराठीत असतील तर जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. प्रत्येकाचा ईमेलही वेगळा लागतो. दोन भावंडांनी एकच ईमेल दिलेला असतो तिथे अपलोड अडकतो, तेव्हा यादी आधी तपासून घ्या.

नोट्स आणि जुने फॉन्ट

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो द्यायलाच हवा. बऱ्याच विभागांच्या नोट्स कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. या फॉन्टमध्ये मराठी अक्षर मुळात इंग्रजी अक्षराच्या जागेवर काढून ठेवलेलं असतं. फॉन्ट असलेल्या संगणकावर सगळं ठीक दिसतं, पण मूडलमध्ये किंवा फोनवर पेस्ट केलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा. आधी कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. त्यानंतर दोन गोष्टी डोळ्यांनी तपासाच: रफार आणि पहिली वेलांटी. ‘वर्ग’मधला रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ‘स्थिती’मधली वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध घुसते. जोडाक्षरं जास्त असलेलं एक पान पूर्ण वाचलं की कन्व्हर्टर नेमका कुठे चुकतो ते कळतं, मग तीच चूक ‘शोधा आणि बदला’ने सगळीकडे दुरुस्त होते.

पुस्तकाची पानं स्कॅन करायची असतील तर १५० डीपीआय, ग्रे-स्केल. वाचायला तेवढं पुरतं. रंगीत ३०० डीपीआय ठेवलं तर फाइल कैक पटींनी फुगते.

ऑडिओ आधी, व्हिडिओ नंतर

मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांसारख्या विषयांना बहुतेक ठिकाणी आवाजच पुरतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा, मोनो ठेवा आणि ६४ केबीपीएसवर एमपी-३ काढा. दहा मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आत बसते. पंखा बंद करून बोला. त्याची घरघर इअरफोनमध्ये फार जाणवते.

आकृती किंवा गणित असेल तिथे व्हिडिओ लागतोच. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उंची ४८० पिक्सेल, सेकंदाला १५ फ्रेम, आवाज मोनो ६४ केबीपीएस ठेवा. एन्कोडर एच.२६४ घ्या. एच.२६५ची फाइल लहान होते, पण जुन्या फोनवर अडखळते. ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वर खूण करायला विसरू नका: त्याने फाइलची सूची सुरुवातीला येते आणि पूर्ण उतरण्याआधीच व्हिडिओ चालू होतो. स्लाइड आणि आवाज एवढंच असेल तर दहा मिनिटं साधारण १५ ते २५ एमबीत बसतात. एका व्हिडिओत एकच मुद्दा ठेवा. तासाभराचं लेक्चर तसंच्या तसं चढवलं तर ते अर्ध्यावर तुटतं आणि पुन्हा कोणी उघडत नाही.

प्रश्नसंच

नोटपॅडमध्ये गिफ्ट या पद्धतीने लिहून सगळे प्रश्न एकदम आयात करता येतात:

::मुक्तिसंग्राम:: मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन कोणत्या तारखेला असतो? {=१७ सप्टेंबर ~१५ ऑगस्ट ~१ मे ~२६ जानेवारी}

बरोबर उत्तराआधी बरोबरचं चिन्ह, चुकीच्या पर्यायांआधी नागमोडी चिन्ह. दोन प्रश्नांमध्ये एक ओळ रिकामी सोडा, प्रश्नाच्या आत मात्र रिकामी ओळ नको. फाइल यूटीएफ-८मध्येच जतन करा. पर्यायात एखादं समीकरण असेल तर त्यातल्या बरोबरच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर मूडल तिथून नवं उत्तर सुरू झालं असं धरतं.

एका घटकावर तीस प्रश्न ठेवले आणि त्यांतले दहा यादृच्छिक घेतले, तर शेजारी बसून उत्तरं उतरवण्यात अर्थ राहत नाही.

रेंज नसताना चाचणी सोडवता यावी यासाठी क्विझच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्ट्रा रिस्ट्रिक्शन्स ऑन अटेम्प्ट्स’खाली मोबाइल ॲपवर ऑफलाइन सोडवण्याची परवानगी ‘होय’ करा. इतर सेटिंग जुळले तरच ती चालते: वेळेची मर्यादा नको, प्रश्नांची पद्धत ‘डिफर्ड फीडबॅक’ (बरोबर-चूक चाचणी संपल्यावरच दिसणारी) हवी आणि नेटवर्क ॲड्रेसची, म्हणजे ठरावीक नेटवर्कवरूनच चाचणी उघडण्याची, अट नको. चाचणी बंद होण्याची तारीख तीन-चार दिवस पुढची ठेवा, म्हणजे रेंजमध्ये आल्यावर उत्तरं वर चढायला सवड मिळते. ॲपवर सुरू केलेली चाचणी मध्येच ब्राउझरवर उघडू नका, हे मुलांना निक्षून सांगा. त्या गोंधळात फोनमधली उत्तरं वाया जाऊ शकतात. अशा चाचणीवर नजर ठेवता येत नाही, त्यामुळे तिचे गुण थोडेच ठेवा आणि तिच्याकडे सराव म्हणून पाहा.

ॲप जोडलंच जात नसेल तर दोन गोष्टी बघा: साइटच्या व्यवस्थापनात मोबाइल सेवा चालू आहे का, आणि साइटचं एसएसएल (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र मान्यताप्राप्त आहे का. स्वतःच तयार केलेलं प्रमाणपत्र अँड्रॉइडवर चालत नाही.

वहीचा फोटो चढत नाही

मुलं स्वाध्याय वहीत सोडवून फोटो पाठवतात, आणि ‘सर, अपलोड होत नाही’ असे फोन सुरू होतात. त्यांचं काही चुकलेलं नसतं. पीएचपीमध्ये अपलोडची मर्यादा मुळातच २ एमबी असते, आणि हल्लीच्या फोनचा एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. होस्टिंगवाल्याकडून ‘अपलोड मॅक्स फाइलसाइज’ २० एमबी आणि ‘पोस्ट मॅक्स साइज’ त्याहून थोडी जास्त, २५ एमबी करून घ्या. सर्व्हरवर एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर असेल तर त्याची वेगळी मर्यादा अवघी १ एमबी असते, तीही वाढवावी लागते. मग मूडलमध्ये साइट, कोर्स आणि स्वाध्याय या तिन्ही ठिकाणचा आकडा बघा, कारण सगळ्यांत लहान आकडाच लागू होतो.

निरोप आणि पाठपुरावा

व्हॉट्सॲप निरोपापुरतंच ठेवा. तिथे टाकलेल्या नोट्स चार दिवसांत खाली जातात, फोन भरला की आधी त्याच पुसल्या जातात. साध्या ग्रुपमध्ये मुलींचे नंबर सगळ्या वर्गापुढे उघडे पडतात, हेही गंभीर आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. तिच्यात २५६ जण मावतात, पण तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच निरोप पोहोचतो. पहिल्याच तासाला सगळ्यांकडून तो सेव्ह करून घ्या. त्याच तासाला कॉलेजच्या वायफायवर ॲप बसवून पहिला घटक उतरवून घ्या. साधा राउटर वीस-पंचवीस फोनांपलीकडे दमतो, तेव्हा तुकड्या पाडा.

दर सोमवारी कोर्सच्या सहभागींची यादी ‘शेवटची भेट’ या कॉलमवर लावून बघा. दोन आठवडे कोर्स न उघडलेल्यांना फोन करा. रिचार्ज संपलंय, फोन घरातल्या दुसऱ्याकडे आहे की पासवर्ड विसरलाय, हे विचारा. पासवर्ड तिथल्या तिथे बदलून द्या. फोनच नसेल तर सगळा घटक पेनड्राइव्हवर घालून ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवा आणि त्या विद्यार्थ्याची चाचणी कागदावर घ्या.