हॉटेल मॅनेजमेंटचे प्रमाणपत्र: फी भरण्याआधी खर्च आणि कमाईचा हिशोब कसा मांडावा

हॉटेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम केल्यावर पगार किती मिळेल, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. तोच मुलगा किंवा मुलगी प्रमाणपत्र न घेता तेवढ्याच काळात किती कमावेल, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. खरा हिशोब या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतो. प्रमाणपत्राची कमाई म्हणजे पुढे मिळणारा संपूर्ण पगार नव्हे. त्याच्यामुळे पगारात जो फरक पडतो, तेवढीच त्याची कमाई असते. मुंबईत बारावी झालेल्या मुलाला दुकान, कॉल सेंटर किंवा एखाद्या रेस्टॉरंटमध्ये काही ना काही काम मिळते, म्हणून येथे ही तुलना शून्याशी करता येत नाही. पुढील आकडेमोडीतील रकमा केवळ उदाहरणादाखल घेतल्या आहेत. त्या जागी आपल्या घरचे आकडे भरावेत.

पहिली पायरी: आपण नेमके काय विकत घेत आहोत ते तपासावे

‘हॉटेल मॅनेजमेंट’ या एकाच नावाखाली तीन महिन्यांच्या वर्गापासून पदवीपर्यंत सर्व काही विकले जाते. दादर पश्चिमेला वीर सावरकर मार्गावरील इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट ही संस्था 1954 पासून चालू आहे, आणि अशा केंद्रीय संस्थांच्या पदवीचा प्रवेश एनसीएचएम जेईई या परीक्षेतून होतो. खाद्यनिर्मिती, बेकरी, फ्रंट ऑफिस (स्वागतकक्ष) किंवा हाउसकीपिंग (खोल्यांची स्वच्छता व देखभाल) अशा एकेका विभागापुरते असलेले छोटे अभ्यासक्रम पदवीहून वेगळे असतात. खासगी संस्थेत चौकशी करताना प्रमाणपत्रावर कोणत्या मंडळाचे, परिषदेचे किंवा विद्यापीठाचे नाव येणार आहे ते लेखी मागावे आणि त्या मंडळाकडे स्वतः पडताळून पाहावे.

पैशांची फारच अडचण असेल, तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 2009-10 मध्ये सुरू केलेल्या ‘हुनर से रोजगार तक’ या योजनेची चौकशी आधी करावी. तिच्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याकडून घेतला जात नाही. चालू वर्षी तुकडी आहे का, हे संस्थेत प्रत्यक्ष जाऊन विचारलेले बरे.

दुसरी पायरी: संपूर्ण खर्च एका कागदावर लिहावा

माहितीपत्रकावरची फी हा खर्चाचा एक भाग झाला. मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका नसलेल्या खासगी वर्गाच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून सांगितलेली रक्कम करासह आहे की कराशिवाय, हे विचारावे. गणवेश, शेफ कोट, सुऱ्यांचा संच, सेफ्टी शूज, परीक्षा शुल्क आणि प्रॅक्टिकलच्या साहित्याचे पैसे वेगळे लागतात का, तेही त्याच वेळी लिहून घ्यावे. प्रवासखर्च धरताना थोडा विचार करावा लागतो, कारण नोकरी केली असती तरी लोकलचा पास काढावाच लागला असता; म्हणून नोकरीपेक्षा जास्त होणारा प्रवासखर्च तेवढा मांडावा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल, तर हप्ते सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज त्याआधीपासून चढत असते. ते व्याजही या कागदावर यायला हवे.

यानंतर येतो बुडालेला पगार. तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून बहुतेक घरांमध्ये विसरला जातो. समजा, दीड वर्षाचा अभ्यासक्रम आहे: बारा महिने वर्ग आणि सहा महिने हॉटेलातील इंडस्ट्रियल ट्रेनिंग. फी 1,40,000 रुपये, गणवेश व साहित्य 18,000 आणि जास्तीचा प्रवास 9,000, असे 1,67,000 रुपये हातातून जातात. याच काळात विद्यार्थ्याला दरमहा 14,000 रुपयांचे काम मिळाले असते, तर अठरा महिन्यांचे 2,52,000 रुपये बुडाले. ट्रेनिंगच्या काळात दरमहा 5,500 रुपये स्टायपेंड मिळाला, तर त्याचे 33,000 वजा होतील. निव्वळ खर्च 3,86,000 रुपये झाला, आणि त्यात फीपेक्षा बुडालेल्या पगाराचाच वाटा मोठा आहे.

तिसरी पायरी: हातात येणारा पगार काढावा

प्लेसमेंटच्या वेळी सांगितला जाणारा आकडा बहुधा सीटीसीचा, म्हणजे मालकाला त्या कर्मचाऱ्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. समजा, कपातीआधीचा एकूण पगार 20,000 रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 14,000 आहेत. त्यावर 12 टक्क्यांनी 1,680 रुपये भविष्य निर्वाह निधीत जातात, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 0.75 टक्क्याने 150 रुपये कापले जातात, आणि पुरुष कर्मचाऱ्याचा महाराष्ट्रातील व्यवसाय कर 200 रुपये असतो. म्हणजे हातात 17,970 रुपये येतात. महिलांना 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर हा व्यवसाय कर लागत नाही. मालकाचा निधी आणि ईएसआयचा हिस्सा मिळवून हीच नोकरी कागदावर साधारण साडेबावीस हजारांची दिसते. निधीत गेलेला पैसा आपलाच असतो, पण त्यातून या महिन्याचे घरभाडे देता येत नाही.

ड्युटीवरचे जेवण, गणवेशाची धुलाई आणि रात्रपाळीनंतर घरी सोडणारी गाडी यांची किंमत मात्र जमेच्या बाजूला अवश्य धरावी. दिवसातून दोन वेळा बाहेर जेवणाऱ्या मुलासाठी ती रक्कम लहान नसते. टिप आणि सर्व्हिस चार्जचा वाटा हंगामाप्रमाणे आणि विभागाप्रमाणे बदलतो, आणि किचन किंवा हाउसकीपिंगमध्ये तो रेस्टॉरंटइतका मिळेलच असे नाही. त्यामुळे हिशोब आधी त्याच्याशिवाय करावा.

चौथी पायरी: फरकाने भागावे

वरच्या उदाहरणात प्रमाणपत्रानंतर हातात सुमारे 18,000 रुपये येतात. प्रमाणपत्र न घेता कामाला लागलेल्या मित्राचा पगार दीड वर्षात 14,000 वरून 15,000 झाला असेल, तर फरक 3,000 रुपये उरतो. 3,86,000 ला 3,000 ने भागले की जवळजवळ 129 महिने येतात, म्हणजे पावणेअकरा वर्षे. फी निम्मी झाली तरी पावणेनऊ वर्षे लागतात. फरक 8,000 रुपयांचा असेल, तर मात्र चार वर्षांत पैसे वसूल होतात. आता एखादी मुलगी नोकरी न सोडता संध्याकाळचा सहा महिन्यांचा वर्ग करते आहे असे धरू. तिचे फी आणि साहित्य मिळून 55,000 रुपये जातात आणि पगारात केवळ 2,500 रुपयांची वाढ होते, तरीही तिचा खर्च 22 महिन्यांत निघतो. अभ्यासक्रम निवडताना फीइतकेच त्याच्या कालावधीकडेही पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

या भागाकारात एक उणीव आहे आणि ती भरून काढली तर प्रमाणपत्राचे पारडे जड होऊ शकते: फरक कायम तेवढाच राहत नाही. किचनमध्ये ‘कमी’ (commis, म्हणजे कनिष्ठ स्वयंपाकी) या पदावरून डेमी शेफ आणि पुढे शेफ द पार्टी (किचनमधल्या एका विभागाचा प्रमुख) होताना, किंवा फ्रंट ऑफिसमध्ये असोसिएटवरून सुपरवायझर होताना, काही हॉटेले औपचारिक शिक्षण मागतात. पण ही वाढ गृहीत धरू नये, विचारून घ्यावी. त्याच संस्थेतून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या निदान चार-पाच जणांना गाठून ते आज कोणत्या पदावर आहेत, हातात किती येते आणि त्यांच्या तुकडीतले किती जण हे क्षेत्र सोडून गेले, हे विचारावे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांमागे सहा महिन्यांचे प्रशिक्षणही असू शकते, आणि सर्वांत मोठा पगार एकाच विद्यार्थ्याचा असतो. म्हणून संस्थेकडे मधल्या, म्हणजे पगारांच्या क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचा पगार मागावा.

पाचवी पायरी: वेळेचा हिशोब वेगळा करावा

पंचतारांकित हॉटेले बहुतांशी कुलाबा, नरिमन पॉइंट, जुहू आणि विमानतळाच्या परिसरात आहेत, तर त्यांत काम करणारी अनेक मुले कल्याण, बदलापूर किंवा विरारहून येतात. ब्रेक शिफ्ट (मध्ये सुट्टी ठेवून दोन भागांत होणारी ड्युटी) असेल, तर दुपारचे तीन-चार तास मोकळे असूनही घरी जाऊन परत येता येत नाही. लोकल मध्यरात्रीनंतर काही तास बंद असते, म्हणून रात्री उशिरा सुटणाऱ्या ड्युटीसाठी हॉटेलची गाडी मिळते का आणि ती आपल्या घरापर्यंत येते की ठरावीक स्थानकापर्यंतच, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारावे. गाडी नसेल, तर कामाजवळ खाट भाड्याने घेण्याचा खर्च हातातल्या पगारातून वजा करून चौथ्या पायरीचा भागाकार पुन्हा करावा लागेल.

शक्य असल्यास लग्नसराईत चार-सहा दिवस बँक्वेटमध्ये (हॉटेलच्या मेजवानी-समारंभांच्या विभागात) रोजंदारीवर काम करून पाहावे. दहा-बारा तास उभे राहून पाय किती दुखतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी जावेसे वाटते का, हे तेव्हा कळते, शिवाय त्या दिवसांचे पैसेही मिळतात. पहिला हप्ता त्यानंतरच भरावा, आणि भरताना अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, याची अट पावतीसोबत लेखी घ्यावी.