नवीन रिव्हॉल्व्हर वॉरंटीत परत पाठवताय? आधी या चुका टाळा

नवं कोरं रिव्हॉल्व्हर पहिल्याच दिवशी अडकलं की माणूस चिडणारच, एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू चालायलाच हवी ना. पण त्या चिडीच्या भरात जे काही केलं जातं त्यानेच पुढचे कित्येक आठवडे वाया जातात. रेंजवर नवीन लोकांना मदत करताना मला त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

खाली जे काही तपासायला सांगतोय ते सगळं, रेंजवर झाडून बघायच्या गोष्टी सोडल्या तर, रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर. सिलिंडर उघडा, प्रत्येक चेंबर डोळ्याने बघा, बोटाने चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या आणि मगच हात लावा. एवढाही धीर नसेल तर तपासण्याच्या भानगडीत पडू नका, सरळ डीलरकडे न्या.

बिघाड आहे की घाण, हे न बघताच पाठवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. सिलिंडर जड फिरतो, ट्रिगर मध्येच अडतो, सिलिंडर नीट बंदच होत नाही, की लगेच "पीस डिफेक्टिव्ह आहे". अरे आधी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे सिलिंडरच्या मागची केसेस बाहेर ढकलणारी चांदणीसारखी चकती, वर ढकलून त्या चांदणीच्या खाली बघा तरी! न जळलेल्या पावडरचे दोन-चार कण तिथे बसले की चांदणी पूर्ण खाली बसत नाही, केसभर वर राहते, आणि तेवढं केसभर पुरतं, सिलिंडरची मागची बाजू फ्रेमला घासायला लागते. जुना टूथब्रश घ्या, चांदणीच्या खालून आणि ती बसते त्या खाचेतून फिरवा, झालं. तिथे तेल अजिबात नको, तेलाला पावडर चिकटून बसते. आणि मुळात ही पावडर जाते कशी, तर रिकामी केसेस (झाडलेल्या काडतुसांची टरफलं) काढताना नळी खाली धरून हळूहळू इजेक्टर रॉड, म्हणजे चांदणी ढकलणारी पुढची दांडी, दाबतात म्हणून. नळी आकाशाकडे करायची, तळहाताने रॉडवर एकच जोरात फटका द्यायचा, केसेस आणि कचरा दोन्ही खाली पडतात.

दुसरं, इजेक्टर रॉड सैल झालाय का बघा. रॉडचे आटे फिरले की तो लांब होतो आणि मग सिलिंडर उघडतच नाही, माणूस घाबरून दोन्ही हातांनी ओढायला लागतो. ओढू नका. उघडत नाही तोवर ते भरलेलंच समजा. उघडताना रॉड हलकेच फिरवून बघा, घट्ट करायच्या दिशेने. बऱ्याच मॉडेलमध्ये रॉडचे आटे उलटे असतात, त्यामुळे दिशा आधी मॅन्युअलमध्ये बघायची. आणि सिलिंडर उघडल्यावर रॉड नीट कसताना चेंबरमध्ये रिकाम्या केसेस घालून मगच कसायचा, नाहीतर सगळा पीळ चांदणीवर येतो.

काडतूस फुटत नसेल तर आधी वेगळ्या कंपनीचं फॅक्टरी काडतूस वापरून बघा. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी, नीट आत बसलेला नसेल तर पहिला फटका त्याला आत ढकलण्यातच जातो, आणि वर आलेला प्रायमर मागच्या प्लेटला घासून सिलिंडरही अडवतो. हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरदार काडतूस वापरलं तर धक्क्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात, सिलिंडरच्या बाहेर डोकावतात आणि सगळं जॅम. हा रिव्हॉल्व्हरचा दोष नाहीच, काडतुसाचा आहे. आणि हो, नुसतं "टिक" झालं की लगेच उघडून बघायचं नाही, नळी टार्गेटकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबायचं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर दुसरी गोळी झाडायची नाही, आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत गोळी अडकली नाही ना ते बघायचं. अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडून फुगवलेलं बॅरल कोणतीही कंपनी वॉरंटीत धरत नाही.

"नीट चालत नाही" एवढंच लिहून पाठवणं

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण याचा मनस्ताप मी जवळून बघितलाय. आमच्या रेंजवरच्या एका मुलाचं नवं रिव्हॉल्व्हर होतं, झाडताना मधूनच बाजूला शिशाचे कण उडायचे, शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या गालाला लागले होते एकदा. त्याने फॉर्मवर लिहिलं "रिव्हॉल्व्हर नीट चालत नाही, तपासून द्या" आणि पाठवून दिलं. बरेच आठवडे गेले, परत आलं, सोबत चिठ्ठी, टेस्ट फायर केलं, दोष आढळला नाही. मुलगा रडकुंडीला आलेला, कंपनी फसवते म्हणून.

मी ते हातात घेतलं, रिकामं आहे याची खात्री केली, सिलिंडरवर अंगठा अगदी हलका टेकवला आणि हॅमर खूप सावकाश मागे ओढला, एकेका चेंबरसाठी. बाकी सगळी चेंबर्स हॅमर पूर्ण मागे यायच्या आत टक् करून लॉक होत होती. एकच चेंबर होतं जे हॅमर मागे अडकला तरी लॉक व्हायचं नाही, जरासं अलीकडेच थांबायचं. म्हणजे टायमिंग गेलेलं, गोळी नळीच्या तोंडाशी सरळ रेषेत येतच नव्हती, कडेला घासून जात होती, म्हणून शिसं उडायचं. मग कंपनीच्या माणसाला का नाही दिसलं? कारण त्याने भराभर डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हॅमर हाताने न ओढता नुसता ट्रिगर ओढून, झाडलं असणार, आणि भराभर ट्रिगर ओढला की सिलिंडर स्वतःच्या वेगानेच उरलेलं अंतर पार करून लॉक होतो. दोष लपतो. तिथल्या टेबलावर रोज ढिगाने पीस येतात, नेमकं काय आणि कधी होतं हे लिहिलं नसेल तर तो तरी काय शोधणार?

आम्ही त्या चेंबरच्या बाहेर मार्करने लाल ठिपका केला आणि चिठ्ठी लिहिली, मोजून चार ओळी: लाल ठिपक्याचं चेंबर, सिंगल अ‍ॅक्शन (म्हणजे आधी हॅमर हाताने ओढून), हॅमर अगदी सावकाश ओढल्यावर सिलिंडर लॉक होत नाही, प्रत्येक वेळी होतं, रिकामं असतानाही होतं, झाडल्यावर बाजूने शिसं उडतं, काडतूस अमुक कंपनीचं अमुक वजनाचं. यावेळी सिलिंडर फिरवणारा पंजा बदलून आला आणि तेव्हापासून तक्रार नाही.

माझी सवय अशी आहे की चिठ्ठी दोन प्रतीत लिहायची, एक रिव्हॉल्व्हरच्या पिशवीत टेपने चिकटवायची आणि एक ईमेलने पाठवायची, कारण बॉक्समधले सुटे कागद हमखास गहाळ होतात. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढता आला तर फारच छान. राग चिठ्ठीत नको, तो फोनवर काढा हवं तर.

व्हिडिओ बघून घरी उघडणं

कृपया करू नका. साइड प्लेट, म्हणजे फ्रेमच्या बाजूचं झाकण, स्क्रू ड्रायव्हरने उचकटली की तिची कड वाकते आणि ते आयुष्यभर दिसतं. स्क्रूच्या खाचा खराब झाल्या की कंपनीत उघडणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं की कोणीतरी आत हात घालून आलंय, मग वॉरंटीबद्दल वाद घालत बसा. ट्रिगर हलका करायचा म्हणून ग्रिपमधला स्प्रिंगचा स्क्रू सैल करणारे तर मला कायम भेटतात. त्याने हॅमरचा जोर कमी होतो, काडतुसं फुटत नाहीत, आणि मग तेच लोक "लाइट स्ट्राइक येतात" म्हणून तक्रार घेऊन उभे. नवीन रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड असतोच, वापरून वापरून थोडा मऊ होतो. एवढी काय घाई असते मला खरंच कळत नाही.

बाकीच्या

सिलिंडर आणि बॅरलमधली फट बघून घाबरणं. चार ते आठ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फट साधारण नॉर्मल धरतात, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, डोळ्याने नाही.

महागड्या ग्रिप, साइट, होल्स्टर सगळं लावून पाठवणं. मूळ ग्रिप लावा, बाकी घरी ठेवा.

न फुटलेली काडतुसं पुरावा म्हणून बॉक्समध्ये टाकणं. अजिबात नाही, एकही नाही. प्रायमरवरच्या खुणेचा जवळून फोटो काढा, तो पुरेसा आहे.

कंपनीशी न बोलता थेट कुरियरकडे जाणं. आधी तक्रार नंबर घ्या, कोणी पाठवायचं, कसं पाठवायचं, तुम्ही की डीलरने, हे त्यांच्याकडून लेखी घ्या, आणि तुमच्या लायसन्सचे नियम काय सांगतात ते लायसन्स देणाऱ्या ऑफिसकडून विचारून घ्या. इथे अंदाजाने काही करायचं नाही, चुकलं तर प्रकरण वॉरंटीपुरतं राहत नाही.

बाहेरच्या बॉक्सवर बंदुकीच्या कंपनीचं स्टिकर, चित्र असलं काही ठेवणं. कुरियरला जे कायद्याने सांगायचं ते सांगा, बॉक्स मात्र साधा.

सीरियल नंबरचा आणि चारही बाजूंचे फोटो न काढणं. परत आल्यावर नवीन ओरखडा दिसला तर दाखवणार काय?

आणि परत आलं की सरळ कपाटात ठेवणं, ही तर अगदी नेहमीची. आधी सीरियल नंबर जुळवा, कामाचा कागद वाचा, मग रिकाम्यावर तीच सावकाश हॅमर ओढायची टेस्ट प्रत्येक चेंबरला करा आणि त्याच आठवड्यात रेंजवर नेऊन त्याच काडतुसाने झाडा ज्याने आधी त्रास झाला होता. अजून गडबड असेल तर जुन्याच तक्रार नंबरवर लगेच कळवा, कामाच्या कागदाचा फोटो जोडून.