कोजागरीच्या रात्री घरी पोकर: तीन तासांचा डाव, बाराला दूध

कोजागरीला जागायचं ही आपली जुनी रीत, आणि जागण्यासाठी खेळायचं हीसुद्धा. व्रताच्या पोथीत लक्ष्मी मध्यरात्री ‘को जागर्ति’ म्हणत फिरते आणि जागा राहून अक्षांनी म्हणजे फाशांनी खेळणाऱ्याला धन देते, असं सांगितलं आहे. पुढे फाशांची जागा पत्त्यांनी घेतली. गच्चीवर सतरंजी, एका कोपऱ्यात मेंढीकोट, दुसऱ्या कोपऱ्यात बदाम सात, मधे दुधाचं पातेलं. आमच्या मित्रमंडळींत गेली काही वर्षं याच रात्री पोकरचा डाव बसतो. पोकर अवघड नाही, पण ज्याच्या घरी डाव आहे त्याने आधी चार गोष्टी नीट लावल्या नाहीत तर तासाभरात निम्मी मंडळी मोबाईल काढून बसतात. म्हणून ही सगळी तयारी क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी: पैसे लावायचे नाहीत

हे आमंत्रण देतानाच स्पष्ट सांगा. आम्ही एका वर्षी ‘नावापुरते’ म्हणून प्रत्येकी दोनशे रुपये लावले. अकरा वाजेपर्यंत एक मित्र तीनदा नव्याने पैसे घालून बसला, मग गप्प झाला आणि दूध न घेताच निघून गेला. रक्कम मोठी नव्हती, पण सणाची रात्र त्याच्यापुरती तिथेच संपली. त्यानंतर आमच्याकडे फक्त गुण. शिवाय महाराष्ट्रात १८८७ चा जुगारविरोधी कायदा आजही लागू आहे, आणि पैसे नसले की तो विषयच उरत नाही. पैशांशिवाय पोकरमध्ये मजा नाही असं म्हणणारे भेटतात. त्यांना नॉकआउट पद्धतीने खेळवून बघा. सगळ्यांना सारखे गुण, गुण संपले की बाहेर, शेवटपर्यंत टिकेल तो विजेता. बाहेर पडायची वेळ आली की दोन चिंचोक्यांसाठीही माणूस श्वास रोखून बसतो.

माणसं किती, वेळ किती

एका टेबलाला सहा ते आठ माणसं उत्तम. नऊ चालतील. चौघांत खेळ होतो, पण सणाचा गलका होत नाही. दहाच्या वर गेलात तर सरळ दोन टेबलं करा.

आमचा वेळ ठरलेला आहे. साडेसातला मंडळी येतात. घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची रीत आमच्याकडे आहे, ते आधी उरकतं. आठला जेवण, बरोबर नऊला पहिला डाव, बाराला शेवटचा. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा पत्ते खाली ठेवून सगळ्यांनी गच्चीत जायचं. हा शेवट आधी ठरलेला असणं फार महत्त्वाचं आहे, नाहीतर ‘अजून एक डाव’ करता करता दोन वाजतात आणि दुधावर साय धरते.

सामान

पत्त्यांचे दोन कॅट घ्या, पाठीचे रंग वेगवेगळे असलेले. एक वाटला जात असताना शेजारचा दुसरा पिसून ठेवतो, त्यामुळे खेळ अडत नाही. शक्यतो प्लॅस्टिकचे घ्या. कागदी पत्ते ऑक्टोबरच्या दमट रात्री एकमेकांना चिकटतात, आणि एखादं पान दुमडलं की ते पाठीवरूनच ओळखू येतं. जोकर आधीच बाजूला काढा.

नुसत्या टेबलावरून पान उचलताना नख लावावं लागतं आणि पान शेजाऱ्याला दिसतं. टेबलावर आधी जाड सोलापुरी चादर आणि तिच्यावर साधं, एकरंगी गडद पलंगपोस ताणून टाका. पान अलगद उचललं जातं, आवाजही होत नाही. खाली बसणार असाल तर गादीवर हेच करा, पण मंडळींपैकी कुणाचे गुडघे दुखत असतील तर टेबलच बरं.

चिप्सचा तयार डबा विकत मिळतो. तो नसला तरी काही अडत नाही. आमच्याकडे असं असतं: चिंचोका १०, काबुली चणा ५०, राजमा १०० आणि कॅरमची सोंगटी ५००. प्रत्येकाला १० चिंचोके, ८ काबुली चणे, ५ राजमे आणि २ सोंगट्या द्यायच्या. बेरीज २,०००. आठ जणांना ८० चिंचोके, ६४ चणे, ४० राजमे आणि १६ सोंगट्या लागतात. कॅरमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून १८ असतात, म्हणजे सोंगट्या पुरतात आणि दोन उरतात. लाल राणी मात्र वेगळी ठेवा, तिचं काम पुढे आहे. हे सगळं संध्याकाळीच वाट्यांमध्ये मोजून ठेवा. पाहुणे आल्यावर मोजायला बसलात तर चुकणारच.

खेळ कसा चालतो

आपण टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळणार आहोत. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मधे पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. हातातली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, त्याचा डाव. मधली पानं उघडण्याआधी एकदा आणि प्रत्येक टप्प्यानंतर एकदा, अशा बोली लावायच्या एकूण चार फेऱ्या होतात.

लाल राणी ज्याच्यासमोर, तो वाटणारा. डाव संपला की राणी डावीकडे सरकते. वाटणाऱ्याच्या डावीकडच्याने पानं बघण्याआधीच ठरलेली छोटी रक्कम मधे टाकायची आणि त्याच्या पुढच्याने दुप्पट. यांना स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. तीन पत्ती खेळणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तिथे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. इथे ब्लाइंड हा फक्त सक्तीचा वाटा आहे, तो टाकून झाल्यावर पानं खुशाल बघावीत.

आपली पाळी आली की करण्यासारखं थोडंच असतं. समोरच्याने लावलंय तेवढं टाकायचं म्हणजे कॉल, वाढवायचं म्हणजे रेज, सोडून द्यायचं म्हणजे फोल्ड, आपला नेहमीचा ‘पॅक’. कुणी काहीच लावलेलं नसेल तर नुसतं चेक म्हणून पुढे. पहिल्या फेरीत बिग ब्लाइंडच्या डावीकडचा सुरुवात करतो, नंतरच्या फेऱ्यांत वाटणाऱ्याच्या डावीकडचा.

पानांची चढती भाजणी भिंतीवर चिकटवा

ही पायरी गाळू नका. सर्वांत हलक्यापासून भारीपर्यंत: नुसतं मोठं पान, एक जोडी, दोन जोड्या, एकसारखी तीन, सिक्वेन्स म्हणजे ओळीने येणारी पाच पानं, कलर म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची (सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक, अशी), फुल हाउस म्हणजे एकसारखी तीन आणि वर एक जोडी, एकसारखी चार, आणि सर्वांत वर एकाच रंगाचा सिक्वेन्स. त्यातही एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी असला की रॉयल.

आमच्याकडे हा कागद का लागला ते सांगतो. रात्रीचे अकरा वाजले होते. मधे बदाम राजा, इस्पिक सत्ती, बदाम चौकी, मग किलवर छक्की. एकाच्या हातात इस्पिक नव्वी आणि किलवर अठ्ठी, म्हणजे त्याला पंजी किंवा दश्शी हवी. दुसऱ्याच्या हातात बदाम एक्का आणि बदाम दुर्री, त्याला आणखी एक बदाम हवा. शेवटचं पान उलटलं, बदाम दश्शी! एकाच पानाने दोघांचंही काम झालं. दोघांनी सगळ्या सोंगट्या मधे ढकलल्या.

“सिक्वेन्स! आण इकडे.”

“अरे थांब, माझा कलर आहे.”

“मग काय झालं? सिक्वेन्स कलरच्या वर!”

तीन पत्तीत त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पोकरमध्ये ते उलटं आहे, आणि त्यामागे गणित आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत नुसते सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ आणि भारी. पाच पानांचे हात २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८, म्हणून इथे कलर भारी. हे आकडे त्या रात्री हाताशी असते तर वीस मिनिटांची वादावादी वाचली असती. आणखी एक फरक कागदावर लिहाच. तीन पत्तीत ट्रेल म्हणजे एकसारखी तीन पानं सर्वांत वर, पोकरमध्ये एकसारखी तीन पानं सिक्वेन्सच्याही खाली. आणि एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा इथे सर्वांत हलका सिक्वेन्स.

पहिले तीन डाव उघडे खेळा

नवख्यांना नियम तोंडी सांगत बसू नका, दहाव्या मिनिटाला ते मान डोलावतात आणि कळलेलं काही नसतं. त्याऐवजी पहिले तीन डाव सगळ्यांची पानं टेबलावर उघडी ठेवून खेळा. प्रत्येकाने आपल्या पाळीला ‘मी काय करणार आणि का’ हे मोठ्याने सांगायचं. “माझ्याकडे दोन अठ्ठ्या आहेत, मधे तिसरी आली तर बरं, म्हणून थांबतोय.” एवढ्याने जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओने कळत नाही. आमच्या घरी पत्त्यांत फक्त ‘लॅडीज’ खेळलेली एक काकू अशा तीन डावांनंतर बसली आणि शेवटच्या तिघांत पोचली. उघडे डाव झाले की सगळ्यांचे गुण पुन्हा २,००० करा आणि खरा खेळ सुरू करा.

घड्याळ लावा

ब्लाइंड दर वीस मिनिटांनी वाढले नाहीत तर डाव संपता संपत नाही. आमचा क्रम असा: १०-२०, २०-४०, ३०-६०, ५०-१००, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ४००-८००. नऊ टप्पे, तीन तास. आठ जणांचे मिळून १६,००० गुण टेबलावर असतात. शेवटच्या टप्प्यात ते जेमतेम वीस बिग ब्लाइंड भरतात, तेव्हा डाव आपोआप निकालाला येतो. तरी निकाल लागलाच नाही, तर बाराच्या ठोक्याला ज्याच्यासमोर जास्त गुण तो विजेता.

तासाभराने, ५०-१०० सुरू होताना, दहा मिनिटं थांबा. आता चिंचोक्यांची गरज संपली. प्रत्येकाचे चिंचोके चण्यांत बदलून घ्या, सुटे उरतील तेही वरच्या पन्नासात धरा.

एक हिशेब घरच्या यजमानाला यायलाच हवा. कुणी उरलेले सगळे गुण लावले आणि बाकीच्यांकडे जास्त असतील, तर ढीग दोन करायचे. समजा एकाकडे ३०० होते, ते त्याने लावले, आणि दोघांनी प्रत्येकी ८०० लावले. मुख्य ढिगात तिघांचे तीनशे-तीनशे, म्हणजे ९००. उरलेले हजार बाजूच्या ढिगात, त्यांवर फक्त त्या दोघांचा हक्क. आधी बाजूच्या ढिगाचा निकाल लावा, मग मुख्य ढिगाचा.

टेबलाचे नियमही थोडेच ठेवा, पण पाळा. बोली एकदाच आणि स्पष्ट बोलायची, ‘तुझे शंभर, आणि… वर दोनशे’ चालत नाही. पॅक केलेली पानं कुणाला दाखवायची नाहीत. पॅक झालेल्याने डाव चालू असताना सल्ला द्यायचा नाही, नवरा-बायकोंनी तर मुळीच नाही.

बाहेर पडलेल्यांचं काय

याचा विचार बहुतेकजण करत नाहीत. पहिला माणूस साधारण दहाच्या सुमारास बाहेर पडतो आणि पुढचे दोन तास त्याने काय करायचं? शेजारी दुसरी सतरंजी आधीच घालून ठेवा. दोघं झाले की रमी, तिघं झाले की पाच-तीन-दोन, चौघं जमले की मेंढीकोट. मुलंही तिथेच बसतात. आमच्याकडे बऱ्याचदा जास्त आरडाओरडा याच सतरंजीवर असतो. म्हणून तिसरा कॅट घरात हवा.

खाणं आणि दूध

तेलकट बोटं पत्त्यांची वैरी. भजी, बटाटेवडे जेवणात संपवा. खेळताना कोथिंबीर वडी टूथपिक लावून, भाजलेले मखाणे वाटीत चमचा घालून, फळांच्या फोडी काट्याने. पाण्याचे पेले टेबलावर नकोत, प्रत्येकाच्या खुर्चीजवळ छोटं स्टूल ठेवा.

दहा जणांसाठी अडीच लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर दोन लिटरपर्यंत आटवा. दीडशे ते दोनशे ग्रॅम साखर, बदाम-पिस्त्यांची भरड, चारोळी, कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची आणि शेवटी किंचित जायफळ. हे सगळं नऊच्या आधी उरका, म्हणजे यजमानालाही डावात बसता येतं. पातेल्यावर पातळ मलमल बांधून ते गच्चीत ठेवा आणि बाराला पाच मिनिटं आधी गरम करा.

चंद्राला नैवेद्य झाला की पहिला पेला विजेत्याला द्यायचा. बक्षीस एवढंच, आणि पुढच्या वर्षीचं जेवण काय करायचं ते ठरवायचा मान.

निघण्याआधी दोघांना कॅट मोजायला बसवा, प्रत्येकी बावन्न. सोंगट्या आणि राणी कॅरमच्या डब्यात, चिंचोके-चणे-राजमे कोरड्या बरणीत झाकण घट्ट लावून. भिंतीवरचा कागदही घडी करून त्याच बरणीत ठेवा.